थकबाकी कीं वसुली?

अमेरिकेंत सामाजिक सुरक्षा खात्याकडे अपंगाचा अर्ज महिनोन् महिने पडून राहतो. अखेर निर्वाहवेतनाची थकबाकी मंजूर होते, तों पूर्वीं चुकून दिलेली जादा रक्कम तिच्यांतूनच कापून घेतात. चूक कचेरीची असली तरी घास अपंगाच्याच ताटांतला! मग सार्वजनिक पैसा सोडावयाचा काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर तेथील कायद्यांतच आहे: माणूस निर्दोष असून वसुली न्यायबुद्धीस सोडून असेल, तर ती माफ करावी. मात्र निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार २०२४ सालापर्यंत त्या दुबळ्यावरच होता! वसुलीसाठीं मासिक वेतनांतील सर्वसाधारण कपात २०२४ सालीं शेंकडा १० वर आली होती. २०२५ सालीं ती ५० झाली. थकबाकी ही खैरात नव्हे. सोसलेल्या उपासाचें तें ऋण होय, असें आम्ही समजतों.