हिरोशिमाचे दिवे आणि प्रवाशाचा कॅमेरा

दरवर्षी 6 ऑगस्टच्या संध्याकाळी हिरोशिमाच्या मोतोयासू नदीत रंगीत कागदाचे हजारो दिवे सोडले जातात. अणुबॉम्बने उद्ध्वस्त केलेल्या घुमटाचा सांगाडा काठावर उभा असतो आणि त्याच्यासमोरून प्रकाशाचा हा संथ प्रवाह वाहत असतो. दृश्य विलक्षण सुंदर, यात शंका नाही. म्हणूनच जगभरचे प्रवासी कॅमेरे सरसावून तेथे दाटी करतात. परंतु हा सोहळा कोणाचा आणि कशासाठी, याचा विचार त्यांनी करावयास हवा.

दिवंगतांच्या आत्म्यांना निरोप देण्यासाठी पाण्यात दिवे सोडण्याची प्रथा जपानात जुनीच आहे. हिरोशिमात तिला निराळा, दारुण अर्थ प्राप्त झाला. 1945 साली त्या दिवशी सकाळी सव्वाआठ वाजता बॉम्ब पडला. होरपळलेली असंख्य माणसे पाण्यासाठी नद्यांकडे धावली आणि तेथेच अनेकांचा अंत झाला. वर्षअखेरपर्यंत सुमारे 1 लाख 40 हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. आज त्याच पाण्यावर तरंगणाऱ्या कागदांवर मृतांची नावे असतात, शांततेच्या प्रार्थना असतात. म्हणजे हा उत्सव नव्हे. हे तर्पण आहे.

रात्रीच्या छायाचित्रणाचे तंत्र येथे नीतीचा प्रश्न होऊन बसते. फ्लॅशचा झोत जवळच्या कागदावर पडला की आतला मंद उजेड पुसला जातो, आणि शोकमग्न माणसाची एकाग्रताही भंगते. तिपाईवर कॅमेरा ठेवून शटर काही सेकंद उघडे ठेवले, तर वाहत्या दिव्यांच्या नुसत्या प्रकाशरेषा होतात. चित्र मनोहर उतरते. पण त्यातून नावे नाहीशी झालेली असतात.

मग छायाचित्रे घेऊच नयेत काय? तसे म्हणणे अतिरेकाचे ठरेल. अणुबॉम्बग्रस्तांपैकी हयात असलेल्यांची संख्या 2025 साली प्रथमच एक लाखाखाली आली. साक्षीदार असे एकेक करून निघून जात असता चित्रांची साक्ष अधिकच मोलाची ठरणार आहे.

प्रश्न आहे तो संयमाचा, आणि त्याचा धडा हिरोशिमानेच घालून दिला आहे. ‘चुगोकू शिम्बुन’ या दैनिकाचे छायाचित्रकार योशितो मात्सुशिगे त्या भीषण दिवशी शहरातच होते. मियुकी पुलाजवळ भाजलेली मुले पाहून त्यांचे बोट कळ दाबण्यास बराच वेळ धजावले नाही. दिवसभर हिंडूनही त्यांनी टिपलेली अवघी पाच छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. त्या पाचांनी जगाला जे सांगितले, ते पाच हजारांना सांगता आले नसते.

प्रवाशाने एवढे तरी पाळावे: फ्लॅश बंद ठेवावा, पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या दिवे घेऊन आलेल्यांसाठी मोकळ्या सोडाव्यात, संमतीवाचून कोणाच्या अश्रूंवर भिंग रोखू नये. आणि कळ दाबण्यापूर्वी समोरच्या दिव्यावर कोणाचे तरी नाव आहे, याचे भान ठेवावे.