संपत्ती आणि संस्कार

मराठी माणसाला उद्यमव्यवसाय साधत नाही, द्रव्यार्जनाची बुद्धी त्याच्या रक्तातच नाही, असे विधान आपल्याकडे इतक्या सहजपणे केले जाते, आणि ऐकणारेही इतक्या निमूटपणे त्यावर मान डोलावतात, की ते एकदा पारखून घ्यावे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. माझ्या मते हे विधान मुळातच असत्य आहे. संपत्तीविषयीची माणसाची वृत्ती, तो पैशाला भितो की पैशाचा उपयोग जाणतो, कर्जाला पाप समजतो की साधन, ही त्याच्या रक्तात ठरत नाही. मूल घरात काय पाहते, कोणते शब्द ऐकते, आणि विशेषतः कोणता विषय निघाला की वडीलधारी माणसे त्याच्यादेखत बोलायची थांबतात, यावरून ती घडत जाते.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एकाच आळीतील दोन घरांत काय चालते ते पाहावे. व्यापाऱ्याच्या पेढीवर नव्या वह्या पाटावर मांडलेल्या असतात, त्यांना हळदकुंकू वाहिले जाते, घरातील शाळकरी मुलगा शेजारीच बसलेला असतो, आणि पूजा आटोपल्यावर कोणाकडून किती येणे राहिले, कोणता माल अडकून पडला, यंदा कोणाला उधारी द्यायची नाही, हे सारे बोलणे त्याच्या कानांवरून जाते. नोकरदाराच्या घरी त्याच मुहूर्तावर चांदीची नाणी, चार दागिने, नवी केरसुणी आणि लाह्याबत्तासे यांची पूजा तितक्याच भक्तिभावाने होते. परंतु पूजलेले द्रव्य लगोलग कपाटात जाते, आणि आपल्या घरी दरमहा किती येते व किती जाते असे मुलाने विचारलेच, तर तू आपल्या अभ्यासाकडे लक्ष दे, एवढेच उत्तर त्याला मिळते. पहिल्याच्या मनात पैसा ही हिंडतीफिरती आणि हिशेबात बांधलेली वस्तू ठरते. दुसऱ्याच्या मनात ती जपून ठेवण्याची आणि जिच्याविषयी बोलणे असभ्यपणाचे, अशी होऊन बसते. दोन्ही मुलांची बुद्धी सारखीच असते, आणि लोभ म्हणाल तर तोही सारखाच.

तथापि हे मौन ज्यांनी पाळले त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्यामागे इतिहास आहे, आणि तो सुखाचा नाही. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, सारा मात्र चढता राहिला, आणि दख्खनचा शेतकरी सावकाराच्या खात्यात खोल खोल रुतत गेला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर व हिशेबाच्या कागदांवर होता. ते हाती लागताच त्यांची होळी करण्यात आली. ज्याची निशाणी त्या खतावर होती त्याला ते खत वाचता येत नव्हते, आणि दिवाणी कोर्टात तेच खत त्याच्या जमिनीची जप्ती आणीत होते. सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. पण तत्पूर्वी १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता. अशा घरातील आजोबांनी नातवाला कागदावर सही करू नकोस, कोणाचे देणे ठेवू नकोस, असे बजावले असेल, तर तो त्यांचा भित्रेपणा नव्हता, अनुभवाने शिकवलेले शहाणपण होते.

शहरी पांढरपेशा वर्गाची कथा निराळी, पण निष्कर्ष तोच. इंग्रजी अमलात कचेऱ्या वाढल्या, ठरलेला पगार आणि शेवटी पेन्शन ही आयुष्याची चौकट झाली, आणि त्या चौकटीत मिळकत वाढवण्याची कल्पना अप्रस्तुत होऊन खर्च आवरण्याची कला हेच अर्थशास्त्र बनले. १८८२ साली आलेली टपाल कचेरीची बचत बँक आणि १९५६ साली स्थापन झालेले आयुर्विमा महामंडळ यांना या वर्गाने मनापासून आपले म्हटले. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे त्याने मुलांना शिकवले. अंथरूण मोठे कसे करावे, हे त्याला स्वतःलाच कोणी शिकवले नव्हते.

संस्कार नेहमी घरच घडवते असेही नाही. पुष्कळदा कायदा आणि समाजव्यवस्था घराच्या उंबरठ्याआतील विचारही ठरवून टाकतात. महारवतनाची पद्धत याचे सर्वात दुःखद उदाहरण होय. इनामाचा एखादा लहानसा तुकडा आणि बलुत्याचे धान्य यांच्या बदल्यात गावाची आणि सरकारची वाटेल ती चाकरी जिथे वंशपरंपरेने बांधलेली असे, तिथे उद्यासाठी काही साठवावे, निराळा धंदा करून पाहावा, ही आकांक्षा मुलाच्या मनात रुजावी तरी कशी? रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, कारण हे वतन माणसाच्या कष्टांबरोबर त्याची उमेदही गहाण ठेवून घेते, हे त्यांनी ओळखले होते. ही वतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. ज्यांच्या पूर्वजांना मिळकत करण्याची मुभाच नव्हती, त्यांना आज गुंतवणुकीचे धडे देताना ही गोष्ट ज्याला आठवत नाही, त्याने धडे देऊ नयेत.

हे संस्कार बदलू शकतात, याला मात्र पुरावा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडली, बेळगावात सायकलींच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत मजल मारली, आणि १९१० साली औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या जमिनीवर किर्लोस्करवाडी उभी केली. त्यांच्या धडाडीचे आपण कौतुक करतो. थोरले बंधू रामूअण्णा त्यांच्या पाठीशी उभे राहिले, हे मला तितकेच महत्त्वाचे वाटते. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हाही पाठबळ मिळाले की संस्कार बदलतो, हेच दिसले. ज्या बायका सावकाराच्या व्याजाखाली दबल्या होत्या, त्यांनी हप्ते फेडले आणि धंदे सावरले.

मुलींच्या बाबतीत तर आपले मौन अधिकच अपराधी आहे. मुलीला सोने घालून पाठवणी करावयाची, पण जमीन, घर, ठेवी यांचे कागद तिला दाखवायचे नाहीत, ही आपली रीत. १९९४ साली महाराष्ट्राने अविवाहित मुलींना आणि २००५ साली केंद्रीय कायद्याने सर्वच हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हिस्सा दिला. तरीही वडिलांच्या पश्चात दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करताना दिसतात, आणि त्यांतील कित्येकींना आपण किती किमतीचा हक्क सोडतो आहोत याची कल्पनाही नसते. माहेर तुटेल, या भीतीने ती सही होते. ही भीती तिच्या मनात लहानपणी आपणच घातलेली असते.

आणि जिथे घर बोलत नाही तिथे परका बोलतो. आठवीच्या वर्गात चक्रवाढ व्याजाचे सूत्र पाठ केलेला पदवीधर दामदुप्पट योजनेत वडिलांची पुंजी घालवून बसतो. अशा ठेवीदारांच्या रक्षणासाठी या राज्याला १९९९ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. आता तोच परका मोबाइलवर येऊन तरुणांना वायदेबाजाराचा रस्ता दाखवतो. सेबीने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार शेअरच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत १० पैकी जवळजवळ ९ व्यक्तींना तोटाच झाला होता. काटकसर हा जुना संस्कार टाकून या जुगाराला उद्यम म्हणणे मला मान्य नाही. पण महागाई दरसाल सात टक्क्यांनी वाढली तर आजच्या शंभर रुपयांत दहा वर्षांनी निम्म्या वस्तूच मिळतील, हे ज्याला घरी कोणी सांगितले नाही, तो एक तर पैसा कपाटात झिजू देतो, नाही तर घाबरून कोणाच्याही हाती सोपवतो.

म्हणून माझी मराठी आईवडिलांना कळकळीची विनंती आहे. मूल बारा वर्षांचे झाले की घरचा महिन्याचा जमाखर्च त्याच्यादेखत मांडा. कर्ज असेल तर किती, कशासाठी, कोणत्या व्याजाने, हे लपवू नका, आणि लाज वाटत असेल तर तीही लपवू नका. मुलगा व मुलगी दोघांनाही त्या बैठकीला बसवा. आणि जी बहीण उद्या हक्कसोडपत्रावर सही करणार आहे, तिला त्या मिळकतीची आजची किंमत तिच्या भावानेच आधी वाचून दाखवावी.