नामांतराखालची जमीन

१९७८च्या नामांतर दंगली म्हणजे जातिद्वेषाचा भडका, एवढे सांगून विषय मिटवण्याची रीत अजूनही दिसते. हे अर्धेच खरे आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि खेड्यापाड्यांत बौद्ध वस्त्या पेटल्या. विद्यापीठ शहरात होते; जळाली ती शेतमजुरांची घरे.

याचे मूळ बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दिलेल्या बौद्ध धम्मदीक्षेपर्यंत जाते. दीक्षेने देव बदलले, तशी कामेही सुटली. मेलेली ढोरे ओढणे, सांगावे पोचवणे, वेठबिगार ही महारकी बौद्ध झालेल्या महारांनी नाकारली. १९५८च्या कायद्याने त्या कामांची वतने गेली. रिपब्लिकन नेते दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४च्या सत्याग्रहांत भूमिहीनांनी पडीक व गायरान जमिनी मागितल्या. बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयातून शिकलेली पोरे राखीव जागांवर लागली. जमीनदाराच्या हातून हक्काचा मजूर निसटत होता आणि शहरातल्या सवर्ण विद्यार्थ्याला नोकरीत नवा वाटेकरी दिसत होता. नाव हे निमित्त ठरले. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब आले ते १४ जानेवारी १९९४ला, तेही ‘मराठवाडा’ कायम ठेवून.

धर्माने इथे कष्टकऱ्याला मालकापासून सोडवले. त्याच विद्यापीठाच्या शहरातली, छत्रपती संभाजीनगरातली हिंदू-मुस्लिम तेढ नेमके उलटे करते. मे २०१८च्या दंगलीआधी अनधिकृत नळजोडण्या तोडण्यावरून तणाव वाढला होता. पैठणला जायकवाडी असूनही शहराला कित्येक दिवसांआड पाणी मिळते, आणि ही तहान दोन्ही धर्मांच्या गरिबांची आहे. तरी दंगलीत गरीब आपापल्या धर्मातल्या धनिकाच्या मागे उभा राहिला. महापालिकेला पाण्याचा जाब एकत्र विचारण्याची संधी तिथेच गेली.

धर्माच्या आतले थर उघड करणारे काम जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी केले. विणकर, खाटीक, बागवान अशा मुस्लिम जातींना ओबीसी सवलती मिळाव्यात यासाठी त्यांनी चळवळ उभारली. हे दुखणे अश्रफांचे, म्हणजे मुस्लिमांतल्या उच्च जातींचे नव्हते, त्यामुळे समाजातूनही विरोध झाला. अनुसूचित जातींच्या यादीचे दार मात्र धर्म पाहूनच उघडते: शिखांसाठी १९५६ मध्ये, बौद्धांसाठी १९९० मध्ये उघडले, मुस्लिम आणि ख्रिस्ती दलितांसाठी अजून बंद आहे.