नवा चिटबॉय आणि लागणीची नोंद

सभासद बंधूंनो, एका गटात नवा चिटबॉय माझ्या हाताखाली शिकायला आहे. पोरगा हुशार, मोबाईलवर नोंद भरण्यात आमच्यापेक्षा चपळ. पण बांधावर न जाता चहाच्या टपरीवर बसून सांगेल ती लागणीची तारीख टाकू लागला. वर एका वयस्कर सभासदांना सर्वांदेखत म्हणाला, "आबा, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

त्याला तिथेच झापणे मला पटत नाही. चारचौघांत अब्रू गेलेला पोरगा पुढे लपवाछपवी शिकतो. संध्याकाळी ऑफिसात एकट्याला बसवले, आणि दुसऱ्या दिवशी त्याने नोंदलेली रानं त्याच्यासोबत पायी फिरलो. एका ठिकाणी पूर्वहंगामी लिहिलेला ऊस सुरूचा निघाला. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा नव्हे, जानेवारी-फेब्रुवारीचा. तोडणीचा क्रम तारखेवर आणि जातीवर लागतो. असला को ८६०३२ कोवळाच तुटला की वजन गेले, उतारा गेला. आणि ज्याचा खरा नंबर, त्याचा ऊस फडात वाळत उभा. आबांच्या घरी मी बरोबर गेलो, पण माफी त्यानेच मागितली.

पुन्हा घडले तर वर लेखी जाईल, हेही त्याला बजावले आहे. सांभाळून घेतो म्हणून झाकणार नाही.

मात्र मागची तारीख टाक म्हणून त्याला चहा पाजणारे आपल्यातलेच होते, हे लिहिणे भाग आहे. पोरं बिघडतात ती अशी. तो बांधावर आल्याशिवाय नोंदीवर सही करू नका. आलाच नाही तर गट ऑफिसला कळवा, "जाऊ द्या, नवीन आहे" म्हणू नका.