उरलेल्या लोकरीचा हिशेब

विणणाऱ्या हातांना नव्या रंगाचा मोह पडतो. एका स्वेटरसाठी चार गुंडे पुरणार असतात, तरी सहा घेतले जातात. पुढे नातवंडाच्या कुंचीसाठी आणखी दोन येतात. काही वर्षांत कपाटाचा एक खण लोकरीनेच भरतो आणि नेमका हवा तो रंग त्यात सापडत नाही. संग्रह हा असा न कळत परिग्रह होतो.

लोकर नुसती ठेवून टिकत नाही. खऱ्या लोकरीला कसर लागते. त्या किड्याच्या अळ्या लोकरीतील केराटिनावर जगतात. डांबराच्या गोळ्या घालून जीव मारण्यापेक्षा तो तिथे उपजूच नये, हे अधिक श्रेयस्कर. त्यासाठी लोकर स्वच्छ व कोरडी असावी, घट्ट झाकणाच्या डब्यात राहावी आणि अधूनमधून बाहेर काढून झटकावी. ज्या घरात लोकर वापरात असते, तिथे हे आपोआप घडते.

आवराआवरीचा आरंभ वजनाने करावा. पन्नास ग्रॅमच्या गुंड्यात १२५ मीटर धागा असेल, तर उरलेल्या वीस ग्रॅममध्ये ५० मीटर असतो. स्वयंपाकघरातील काटा एवढे सहज सांगतो. चिठ्ठी हरवली असल्यास धाग्याचा लहान तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गाठ होते. म्हणूनच तवा धरण्याच्या फडक्यासाठी ॲक्रिलिक कधीही वापरू नये.

मग रंगापेक्षा जाडीनुसार वाटणी करावी. सारख्या जाडीचे धागे एकत्र आले की क्रोशाचे चौकोन सुचतात. दहा सेंटिमीटरचे १८० चौकोन बारा-बाराच्या पंधरा ओळींत जोडले, तर १२० बाय १५० सेंटिमीटरचे पांघरूण होते. जोडणीला व काठाला एकच रंग घ्यावा. विखुरलेले रंग त्यामुळे एकत्र नांदतात. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या घरांना ही युक्ती शिकवावी लागत नाही. बारीक धागे दुहेरी घेऊन विणता येतात. अर्धवट राहिलेले विणकाम उसवावे, त्याची लड करून कोमट पाण्यात न चोळता भिजवावी आणि सावलीत वाळवावी; धाग्याची वळणे बरीच सरळ होतात.

इतके करूनही उरेल ते द्यावे, पण विचारून द्यावे. नवजात बाळाची टोपी मऊ, धुता येणारी आणि गोंडा-बटणांविना हवी. शिकू पाहणाऱ्या मुलीला नुसते गुंडे देण्याऐवजी सुयांची जोडी आणि पहिले चार टाकेही द्यावेत. खण रिकामा झाल्यावर नवी लोकर घेण्यापूर्वी एक नियम पुरेसा आहे: काय विणायचे आणि कोणासाठी, हे ठरल्यावाचून दुकानाची पायरी चढू नये.