आई-वडिलांचा देश मुलांवर लादू नका



परदेशात वाढलेली मुलं परत पाठवली तर बिघडलं कुठे, असा सवाल करणारा लेख आपल्या अंकात वाचला. अशी सगळीच मुलं बेकायदा राहतात, हे लेखकाचं गृहीतकच चूक आहे. एच-१बी व्हिसावरच्या आई-वडिलांबरोबर अमेरिकेत गेलेली मुलं एच-४ व्हिसावर कायदेशीरच राहतात. २१ वर्षं पूर्ण होताच तो आधार जातो. रोजगाराच्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांचा नंबर लागेपर्यंत मुलं मोठी होतात. लहानपणी आलेल्यांची हद्दपारी लांबवणारी २०१२ची ‘डाका’ सवलतही त्यांना नाही. ती कायदेशीर दर्जा नसलेल्यांसाठी आहे. उरतो विद्यार्थी व्हिसा. तो मागताना, चौथ्या वर्षी सोडलेल्या भारतातच आपलं घर आहे, हे अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं.

‘इथे नातेवाईक आहेतच’ म्हणे. आमच्या आष्टीतल्या एका घरची नात आजीशी फोनवर छान मराठी बोलते. सातबारा पुढे ठेवला तर एक ओळ वाचता येत नाही. तिने इथे येऊन नेमकं काय करायचं?

आणि ज्यांना कोणीच नाही? १९८९मध्ये मुंबईहून अमेरिकेत दत्तक गेलेल्या मुलीला अमली पदार्थाच्या गुन्ह्यापायी २००८मध्ये मुंबईला धाडलं. नवरा, दोन मुलं तिकडेच राहिली. तिच्या नागरिकत्वाचे कागद मोठ्यांनी पुरे केले नव्हते. गुन्ह्याची शिक्षा मान्य. मोठ्यांच्या हलगर्जीपणाची शिक्षा तिला का?

लेखकाने उत्तर द्यावं.

— एक वाचक, आष्टी (जि. वर्धा)