सायकलस्वाराचा जीव आणि रस्त्याची वाटणी

नामपूर हे बागलाण तालुक्यातील मोसम खोऱ्याचे बाजारगाव. कांद्याच्या हंगामात येथील बाजार समितीकडे येणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप गाड्यांची रीघ लागते. त्याच रस्त्यांच्या कडेने आसपासच्या खेड्यांतील मुलेमुली सायकलीवरून शाळा गाठतात. शेतमजूर, हमाल, दुकानांतून राबणारी माणसे येतात-जातात. डांबराची कड जेथे संपते आणि खडीची साइडपट्टी जेथे सुरू होते, तेथील वीतभर जागेत या साऱ्यांना आपला जीव सांभाळावा लागतो. नामपूर हे शहर नव्हे. परंतु नाशिक-पुण्याच्या रस्त्यांवर सायकलस्वारापुढे जो प्रश्न उभा आहे, तोच येथे अधिक उघडा दिसतो. रस्ता सर्वांच्या पैशाने बांधला गेला, हे खरे. पण त्याची वाटणी कोणाच्या सोयीने झाली?

दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षेचे अभियान साजरे होते. फलक लागतात, शाळांतून भाषणे होतात, आणि सायकलस्वाराला सांगितले जाते की, बाबा रे, जपून चाल. हा उपदेश निरर्थक आहे असे कोणी म्हणू नये. अंधारात मागचा तांबडा दिवा आणि चमकपट्टी नसलेली सायकल ट्रकचालकाला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. ब्रेकचे रबर झिजलेले असेल तर उतारावर नशिबावर हवाला ठेवावा लागतो. उलट दिशेने चालविलेली सायकल जवळची वाट देते, पण समोरून येणाऱ्या वाहनाशी गाठही घालून देते. उभ्या मोटारीचे दार अकस्मात उघडते, म्हणून तिच्यापासून हातभर अंतर राखावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या किंवा ट्रॉलीच्या डाव्या अंगाला कधीही थांबू नये. वळताना मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि चालकाला ती बाजू दिसत नाही. हे ज्ञान प्रत्येक शाळेत, प्रत्येक कामगार वस्तीत पोचलेच पाहिजे.

परंतु हे सारे पाळणारा सायकलस्वारही मरतो, आणि येथे उपदेशाची हद्द संपते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन चालकाच्या ध्यानात धोका येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे गेलेले असते. ताशी ३० किलोमीटर वेगात ते अंतर सुमारे ८ मीटर असते. शिवाय आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ३० ऐवजी ५० चा वेग असला की तडाखा दुपटीहूनही मोठा, जवळजवळ पावणेतीन पट होतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेने, जेथे पादचारी व सायकलस्वार मोटारींत मिसळतात तेथे ३० ची मर्यादा असावी, असा आग्रह धरला. सायकलस्वाराने कितीही शिस्त पाळली तरी दुसऱ्याच्या वाहनाचा वेग त्याच्या हाती नसतो. तो रस्त्याच्या रचनेच्या आणि शासनाच्या हाती असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सायकलस्वार चार हजारांहून अधिक होते. ही माणसे कोण, याचे उत्तर २०११ च्या जनगणनेत सापडते. शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामांवर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. मोटारीने जाणारे ३ टक्क्यांहूनही कमी होते. त्यानंतर दुचाकींची संख्या अफाट वाढली. तथापि आजही पहाटे सायकलीवर निघणारा पेपरवाला, दूधवाला, पहारेकरी, बांधकामावरचा बिगारी हा त्याच वर्गातला माणूस आहे. सायकल हा त्याचा छंद नव्हे; दुसरे काही परवडत नाही म्हणून ती त्याच्याकडे आहे.

नाशिकचे उदाहरण बोलके आहे. २०१५ मध्ये याच शहरातील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली आणि साऱ्या महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले. ते कौतुक सर्वथा योग्य होते. सायकलीचा असा गौरव करणाऱ्या शहराने सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या सायकलीचीही तेवढीच कदर करावयास हवी. रात्रपाळी सुटल्यावर घरी निघालेल्या त्या कामगाराला ना कोणी हार घालतो, ना त्याच्यासाठी रस्त्याचा एक पट्टा राखून ठेवतो.

पुण्याची कथा याहून शिकविणारी आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती, त्या पुण्यात २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट मार्गावर जलद बस सुरू झाली आणि तिच्या जोडीने सायकलमार्गही आखले गेले. पुढे अशा मार्गांचे काय झाले, हे पुणेकर जाणतात. कोठे विजेचे खांब, कोठे उभ्या गाड्या, कोठे मध्येच तुटलेली फरशी. २०१७ मध्ये महापालिकेने सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला. त्याच वर्षी भाड्याच्या रंगीत सायकली रस्त्यांवर आल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. येथे आराखडे झाले, निधीही मिळाला. उणीव होती ती रस्त्यातील मोटारीच्या ताब्यातली जागा काढून घेण्याच्या राजकीय धैर्याची. आखलेला पट्टा उंच कठड्याने वेगळा केला नाही, आणि त्यावर गाडी उभी करणाऱ्याला दंड झाला नाही, तर तो केवळ रंगाचा पट्टा उरतो.

काही कार्यकर्त्यांना हा विषय दुय्यम वाटेल. वेतन, रोजगार, पाणी हे प्रश्न पेटले असताना सायकलीचे काय घेऊन बसलात, असा त्यांचा आक्षेप असेल. पण हा वेतनाचाच प्रश्न आहे. रस्ता भयानक झाला की कामगार सायकल सोडतो आणि हप्त्यावर मोटारसायकल घेतो. रोजचे जाऊन-येऊन २० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस काम धरले, तर ५०० किलोमीटरला सुमारे १० लिटर पेट्रोल लागते. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला हजार रुपये झाले. हप्ता, विमा, दुरुस्ती वेगळीच. झगडून मिळविलेली पगारवाढ अशी परस्पर रस्त्यावर सांडते. सायकलस्वाराच्या मनातील भीती ही मजुरीतून वसूल होणारी एक अदृश्य पट्टीच आहे.

मुलींच्या बाबतीत तर हा शिक्षणाचा प्रश्न आहे. राज्यातील मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. बिहारमध्ये २००६ पासून अशीच योजना चालली आणि तेथे माध्यमिक शाळांत मुलींची संख्या लक्षणीय वाढली, असे अभ्यासकांना आढळले. मात्र सायकल देणारे शासन आणि रस्ता बांधणारे शासन एकमेकांशी बोलत नाही. मुलीला सायकल मिळते. ती चालवावयाची कोठे, हे कोणी ठरवीत नाही. एखादा अपघात झाला की आसपासच्या दहा घरांतील आईबाप मुलीला घरी बसवितात. त्या मुलींची नोंद अपघाताच्या कोणत्याही तक्त्यात होत नाही.

हे बदलता येते काय? हॉलंडमध्ये १९७१ या एका वर्षात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्या देशाला सायकलमार्गांचे वरदान जन्मजात लाभले होते, हा गैरसमज आहे. मोटारींसाठी तेथेही वस्त्या पाडल्या जात होत्या. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी घोषणा देत आईबाप रस्त्यावर आले, १९७३ च्या तेलसंकटाने त्यांच्या म्हणण्याला बळ दिले, आणि सरकारला रस्त्यांची फेरवाटणी करावी लागली. त्या देशाच्या संपन्नतेची नक्कल आपल्याला करता येणार नाही. संघटित दडपणाचा त्यांचा मार्ग मात्र आपल्याही ओळखीचा आहे.

त्यासाठी लागणारी हत्यारे कायद्यात आहेत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने, सदोष रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित अधिकारी यंत्रणा, ठेकेदार व सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. पादचारी आणि बिनयंत्राची वाहने यांच्या सुरक्षिततेसाठी राज्याला नियम करता येतात. ते सहा महिन्यांत करावेत, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्व राज्यांना दिला. ठोकर देऊन वाहन पळून गेले, तर २०२२ च्या योजनेप्रमाणे मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठीचा अर्ज महसूल अधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. किती शोकग्रस्त कुटुंबांना हे ठाऊक आहे? कार्यकर्त्याचे पहिले काम येथेच सुरू होते.

पुढची कामे गावोगावी निराळी असतील, पण त्यांचे स्वरूप एकच राहील. नामपूरसारख्या ठिकाणी ग्रामसभेत ठराव करून शाळा व बाजाराजवळ गतिरोधक, ३० च्या वेगमर्यादेचे फलक, डांबराच्या पातळीला आणलेली रुंद साइडपट्टी आणि रात्रीचे दिवे यांची मागणी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे करावी. तो ठराव जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे नेऊन तड लावावी. मागे चमकपट्टी नसलेल्या ट्रॉलीला बाजाराच्या आवारात प्रवेश देऊ नये, असा आग्रह बाजार समितीकडे धरावा. हा रोष शेतकऱ्याविरुद्ध नाही. ती पट्टी समितीनेच फाटकावर लावून द्यावी. शहरांत औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कठड्याने राखलेला सायकलमार्ग ही कामगार संघटनांच्या मागणीपत्रातील एक मागणी व्हावी.

रस्त्याची रुंदी मोजकी आहे. ती कोणाला किती द्यावयाची, हा निर्णय आजवर मोटारवाल्यांच्या सोयीने, कोणतीही चर्चा न होता घेतला गेला. तो उघड्यावर आणून त्यात मजुराचा आणि शाळकरी मुलीचा हिस्सा मागणे, हे समाजवादी राजकारणाच्या मूळ कामांपैकीच एक काम आहे.